‘निवृत्ती’चे दोन अर्थ

नोव्हेंबर २०१९ हा महिना जगभरच्या चित्रपट-समीक्षकांनी एका वेगळ्याच हिशेबात घालविला. रिडले स्कॉट यांच्या ‘ब्लेड रनर’ या चित्रपटाची कथा ज्या लॉस एंजेलिस शहरात घडते, ते शहर नोव्हेंबर २०१९ मधले कल्पिलेले होते. चित्रपट प्रदर्शित झाला २५ जून १९८२ रोजी. सदतीस वर्षांनंतर कल्पिलेले भविष्य कॅलेंडरवर येऊन पोहोचले, तेव्हा त्याचा ताळेबंद मांडला गेला. उडत्या मोटारी आल्या नाहीत. आवाज ऐकून आज्ञा पाळणारी यंत्रे आली. इमारतींच्या भिंतींएवढ्या जाहिराती आल्या. या ताळेबंदात एक रकाना मात्र बहुधा रिकामाच राहिला. त्या भविष्यात काम कोण करीत होते, कोणत्या अटींवर करीत होते आणि त्यांचा उपयोग संपल्यावर त्यांचे काय केले जात होते, हा तो रकाना होय.

भविष्यकाळातील पोलीस, त्याचा रोमहर्षक पाठलाग आणि त्या पाठलागात फुललेले प्रेम असा हा चित्रपटांचा एक सबंध प्रकारच आहे आणि ‘ब्लेड रनर’ हा त्यातील सर्वांत गाजलेला नमुना. त्याच्या दृश्यसौंदर्याविषयी वाद नाही. वाद आहे तो त्याच्याभोवती रचल्या गेलेल्या एका समजुतीविषयी. हा चित्रपट काळोखा आहे, त्यातील कंपनी दुष्ट आहे, शहर सडलेले आहे, म्हणून तो भांडवलशाहीविरोधी आहे, अशी ही समजूत. पुरोगामी म्हणविणारी मंडळीही ती डोळे मिटून स्वीकारतात. ती तपासून घेणे अगत्याचे आहे.

कथा थोडक्यात अशी. टायरेल नावाची कंपनी माणसासारखी दिसणारी, विचार करणारी, वेदना जाणणारी जीवमात्रे तयार करते. चित्रपटात त्यांना ‘रेप्लिकंट’ म्हणतात. मराठीत प्रतिमानव म्हणता येईल. परग्रहावरील वसाहतींत कष्टाची, धोक्याची आणि देहविक्रयाची कामे त्यांच्याकडून गुलाम म्हणून करवून घेतली जातात. पृथ्वीवर पाऊल ठेवण्यास त्यांना मनाई आहे. त्यांचे आयुष्य चार वर्षांचे. तशी मुदत त्यांच्या शरीरातच घालून ठेवलेली असते. एका वसाहतीतून बंड करून निसटलेले चौघे जण लॉस एंजेलिसमध्ये शिरतात. आपले आयुष्य वाढवून मिळावे एवढीच त्यांची मागणी. त्यांना हुडकून ठार करण्याची कामगिरी रिक डेकार्ड या पोलिसावर सोपविली जाते. डेकार्ड टायरेल यांची सचिव रेचेल हिच्या प्रेमात पडतो. तीही प्रतिमानव आहे, हे तिला स्वतःलाच ठाऊक नसते.

या ठार करण्याला चित्रपटात हत्या म्हणत नाहीत, देहदंडही म्हणत नाहीत. त्याला ‘रिटायरमेंट’ म्हणतात, म्हणजे निवृत्ती. चित्रपटाच्या आरंभीच्या मजकुरातच ही शब्दयोजना प्रेक्षकाला शिकविली जाते. संबंध चित्रपटातील सर्वांत भेदक गोष्ट कोणती असेल तर ती हा एक शब्द.

बेलामीचे इ. स. २०००

याच शब्दाचा दुसरा अर्थ अमेरिकेतच, त्या चित्रपटाच्या जवळपास शंभर वर्षे आधी लिहिला गेला होता. एडवर्ड बेलामी यांची ‘लुकिंग बॅकवर्ड’ ही कादंबरी १८८८ साली प्रसिद्ध झाली. १८८७ साली झोपी गेलेला बॉस्टनचा एक सुखवस्तू तरुण इ. स. २००० मध्ये जागा होतो. उद्योग समाजाच्या मालकीचे झालेले असतात. प्रत्येक नागरिक एकविसाव्या वर्षापासून पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत काम करतो आणि त्यानंतर निवृत्त होतो. ही निवृत्ती म्हणजे आयुष्याचा शेवट नव्हे. राष्ट्रीय उत्पन्नातील आपला वाटा पूर्ववत घेत, विद्या, कला, प्रवास आणि मैत्री यांत रमण्याचा तो खरा आरंभ असतो. तुरुंग उरलेले नाहीत. गुन्हा करणाऱ्यावर इस्पितळात उपचार होतात. पोलीस नावाला शिल्लक आहेत, पण त्यांना फारसे काम नाही.

बेलामींच्या पुस्तकातही प्रेमकथा आहे, आणि वाचकाला अखेरपर्यंत अडकवून ठेवणारे त्या प्रेमकथेचे एक गुपितही आहे. म्हणजे रहस्य आणि प्रणय यांना भविष्यकाळात जागा द्यावी की नाही, हा वादाचा मुद्दाच नव्हे. भविष्यकथेला नायक म्हणून पोलीसच का लागू लागला, हा खरा प्रश्न आहे. बेलामींचे चित्र निर्दोष होते असेही कोणी म्हणू नये. त्यातील औद्योगिक सैन्याच्या कवायती शिस्तीवर विल्यम मॉरिस यांनी १८८९ साली समाजवादी भूमिकेवरूनच कठोर टीका केली आणि पुढल्याच वर्षी ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ लिहून आपले वेगळे चित्र मांडले. पण तो वाद मुक्त श्रम कसा असावा याविषयीचा होता. १९८२ मध्ये वादाची पातळी कुठवर घसरली, तर श्रमिकाला चार वर्षांपेक्षा अधिक जगू द्यावे की नाही, इथवर.

या दोन भविष्यांची भेट एका खऱ्याखुऱ्या वास्तूत झालेली आहे. लॉस एंजेलिस शहरात १८९३ साली पुरी झालेली ‘ब्रॅडबरी बिल्डिंग’ आजही उभी आहे. वर काचेचे छत, मधल्या चौकात ओसंडणारा प्रकाश, सभोवार लोखंडी नक्षीचे कठडे. तिचा आराखडा करणारे जॉर्ज वायमन यांना ही कल्पना बेलामींच्या कादंबरीतील भावी इमारतींच्या वर्णनावरून सुचली, असे वास्तुकलेच्या इतिहासात सांगितले जाते. ‘ब्लेड रनर’चा शेवटचा पाठलाग सुरू होतो तो याच इमारतीत. काचेच्या छतातून पावसाचे पाणी गळते आहे, चौकात कचरा साचला आहे आणि बंदूक घेतलेला पोलीस जिना चढतो आहे. समाजवादी स्वप्नातून उभ्या राहिलेल्या वास्तूचे असे भग्न रूप दाखविताना दिग्दर्शकाच्या मनात बेलामी होते की नाही, हा मुद्दा गौण आहे. रेगन अध्यक्षपदी आल्यानंतरच्या अमेरिकेत भविष्याची कल्पना अशा पडक्या अवस्थेत येऊन पोहोचली होती, हे महत्त्वाचे.

चार वर्षांचा घसारा

प्रतिमानवांना चारच वर्षे का? चित्रपट उत्तर देतो. काही वर्षे जगले की त्यांच्यात स्वतःच्या भावना निर्माण होतात आणि मग ते आटोक्यात राहत नाहीत, म्हणून निर्मात्यांनी ही मुदत घातली. अर्थशास्त्राच्या भाषेत याचा अनुवाद करणे कठीण नाही. यंत्रावर मालक घसारा धरतो. ठरावीक वर्षांनी ते मोडीत काढतो. माणसाच्या बाबतीत अडचण अशी की तो काम करता करता अनुभव साठवतो, शेजारच्याशी बोलतो, तुलना करतो आणि एके दिवशी एकत्र येऊन मागणी करतो. ही साठवण होण्यापूर्वीच त्याला मोडीत काढता आले तर मजुरीचा प्रश्नही उरत नाही आणि संघटनेचाही उरत नाही. टायरेल कंपनीने एवढेच केले आहे. मुदतीचा करार कामगाराच्या हातात देण्याऐवजी तिने तो त्याच्या रक्तात लिहिला.

‘रोबोट’ हा शब्द मुळात कुठून आला, याची इथे आठवण करून देणे योग्य ठरेल. कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ साली प्राग येथे गाजले. त्यासाठी त्यांचे बंधू जोसेफ यांनी सुचविलेला हा शब्द चेक भाषेतील ‘रोबोटा’ या शब्दावरून आला, आणि ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाला फुकट करावे लागणारे काम. मराठी माणसाला त्यासाठी शब्दकोश उघडावा लागत नाही. त्याला वेठ ठाऊक आहे. चापेक यांच्या नाटकात वेठीला धरलेले हे कृत्रिम मजूर बंड करतात, आणि शेवटी प्रेम उमलते ते त्यांच्यातल्याच दोघांमध्ये. तिथे कोणा पोलिसाच्या कृपेची आवश्यकता पडत नाही.

‘ब्लेड रनर’मध्ये मात्र प्रश्नाची मांडणीच बदलली जाते. बंड केलेल्या मजुरांची मागणी काय आहे, हे ऐकून घेणारी एकही संस्था त्या शहरात नाही. न्यायालय दिसत नाही, कायदेमंडळ दिसत नाही, संघटना दिसत नाही. आहे ती कंपनी आणि आहेत ते पोलीस. गुलाम निर्माण करणाऱ्या कंपनीला कोणी जाब विचारीत नाही; तिचा माल बिघडला की तो निस्तरण्याचे काम पोलिसांनी करावयाचे. खासगी नफ्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीवर कसा टाकला जातो, याचे हे उत्तम उदाहरण आहे. पण प्रेक्षकाचे लक्ष त्याकडे जात नाही. ते जाऊ नये, अशीच या चित्रप्रकाराची घडण आहे.

थरारपटात प्रेक्षक ज्याच्या पाठीशी राहून सारे पाहतो, त्याच्या बाजूचा तो नकळत होऊन जातो. पाठलाग सुरू झाला की ‘सापडेल का?’ हा एकच प्रश्न मनाचा ताबा घेतो आणि ‘पाठलाग कशासाठी?’ हा प्रश्न मागे पडतो. संपूर्ण चित्रपटात डेकार्ड प्रत्यक्ष किती प्रतिमानवांना मारतो, हे मोजून पाहावे. दोघांना, आणि त्या दोन्ही स्त्रिया आहेत. त्यांपैकी झोरा ही सापाचा खेळ करून पोट भरणारी नर्तकी. जीव घेऊन पळत असताना तिला पाठीत गोळ्या घातल्या जातात. दुसरी प्रिस, ती घडविलीच गेली होती पुरुषांच्या उपभोगासाठी. श्रमिकांतील सर्वांत दुबळ्या थरावर पोलिसी शौर्य कसे गाजते, हे चित्रपटाने नकळत का होईना, अचूक दाखविले आहे.

प्रेमाची सवलत

आता त्या बहुचर्चित प्रेमकथेकडे वळू. रेचेलचे नावही ठार करावयाच्या यादीत घातले गेले आहे. ते नाव डेकार्डच्या हाती आहे. अशा स्थितीत ती त्याच्या घरातून जाऊ लागते, तेव्हा तो दार अडवितो, तिला भिंतीकडे ढकलतो आणि आपल्याला हवे ते शब्द तिच्या तोंडून वदवून घेतो. पार्श्वभूमीला मधुर संगीत वाजते, म्हणून याला प्रणय म्हणावयाचे! एका बाजूस प्राण घेण्याचा परवाना असलेला पुरुष आणि दुसऱ्या बाजूस कायद्याने माणूसच न मानलेली स्त्री, यांच्यात संमती या शब्दाला काय अर्थ राहतो?

ज्या कादंबरीवरून हा चित्रपट निघाला ती फिलिप के. डिक यांची १९६८ सालची कादंबरी या बाबतीत कितीतरी अधिक प्रामाणिक आहे. तिच्यातला डेकार्ड विवाहित आहे, कर्जाच्या विवंचनेत आहे आणि एका प्रतिमानवामागे हजार डॉलर या दराने काम करतो. म्हणजे नगावर मजुरी मिळविणारा कामगारच. खरा, जिवंत प्राणी विकत घ्यावा, ही त्याची साधी हौस. परग्रहावर जाऊन राहणाऱ्यांना प्रतिमानव आमिष म्हणून दिले जातात आणि त्याची जाहिरात करताना अमेरिकेतील यादवी युद्धापूर्वीच्या गुलामगिरीच्या काळाचा गौरवाने उल्लेख केला जातो, असेही डिक यांनी लिहून ठेवले आहे. तिच्यातली रेचेल डेकार्डच्या जवळ येते ती त्याचा हात चालू नये म्हणून; या आधीही इतर शिकाऱ्यांवर तिने हाच उपाय केलेला असतो. डिक यांनी प्रणयालाही कंपनीच्या डावपेचात बसविले. हॉलिवूडने तो तिथून उचलला आणि मोक्षाच्या गादीवर बसविला.

१९८२ च्या आवृत्तीचा शेवट तर या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. चाचणी-प्रयोगांतील प्रेक्षकांना चित्रपट उदास वाटला, म्हणून पैसा घालणाऱ्यांनी डेकार्डच्या आवाजातील निवेदन आणि गोड शेवट चिकटविला. त्यातील डोंगरदऱ्यांची हवाई दृश्ये स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’ या चित्रपटाच्या शिल्लक चित्रीकरणातून घेतली होती. नायक-नायिका हिरव्या निसर्गात निघून जातात आणि डेकार्ड प्रेक्षकांना सांगतो की रेचेलच्या आयुष्याला चार वर्षांची मुदत नव्हतीच. झोराला मुदत, प्रिसला मुदत, खाणीतल्या आणि वसाहतीतल्या हजारोंना मुदत. पोलिसाच्या प्रेयसीला तेवढी सवलत! व्यवस्था जिथल्या तिथे ठेवून एखाद्या आवडत्या माणसाला तिच्यातून सोडविणे, यालाच उदारमतवादी मन न्याय समजते. १९९२ च्या आवृत्तीत दिग्दर्शकाचा मूळ हेतू जपण्यासाठी हा शेवट गाळला गेला आणि २००७ च्या अंतिम आवृत्तीतही तो नाही. त्यामुळे कलेचा लाभ झाला हे खरे. पण पळून जातात ते दोघेच, हे काही बदलले नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. बंडखोरांचा नेता रॉय बॅटी शेवटी डेकार्डला मृत्यूच्या तोंडातून वाचवितो आणि मग शांतपणे स्वतः मरण पावतो. गुलाम मालकाच्या शिपायापेक्षा अधिक माणूस ठरतो. हे दृश्य पाहून ज्याचे मन हलत नाही तो दगडच म्हणावा लागेल. चित्रपटाची सहानुभूती कुणाकडे आहे, ते इथे स्पष्ट होते, असे त्याचे समर्थक म्हणतात.

सहानुभूती आहे, यात शंका नाही. पण ती केव्हा जागी होते? बॅटी मागणी करीत असतो तोवर तो खुनी, भयंकर, वेडा म्हणून रंगविला जातो. मरताना तो कवी होतो. हक्क मागणारा श्रमिक भीतीचा विषय आणि मेलेला श्रमिक करुणेचा विषय, ही विभागणी मध्यमवर्गाच्या फार सोयीची आहे. मृत कामगाराच्या नावाने दोन अश्रू ढाळण्यास काही खर्च येत नाही. जिवंत कामगाराशी वाटाघाटी कराव्या लागतात. चित्रपटातील सगळी करुणा खरी मानली, तरी तिच्यातून एकाही प्रतिमानवाचे आयुष्य एका दिवसाने वाढलेले नाही.

पोलीसही पगारदार

याच चित्रप्रकारात राहूनही अधिक काही म्हणता येते, हे पॉल व्हरहोव्हन यांच्या १९८७ च्या ‘रोबोकॉप’ने सिद्ध केले. त्यात डेट्रॉइट शहराची पोलीस यंत्रणा एका बड्या कंपनीने कंत्राटाने चालवावयास घेतली आहे. ठार झालेल्या एका शिपायाचे शरीर कंपनी आपली मालमत्ता म्हणून वापरते आणि त्यातून यंत्र-पोलीस बनविते. त्याच्या मेंदूत एक गुप्त आज्ञा घातलेली असते: कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला अटक करावयाची नाही. मालमत्ता आणि कायदा यांच्या नात्यावर याहून नेमके भाष्य व्यावसायिक चित्रपटात क्वचितच सापडेल. शिवाय त्या शहरातले पोलीस कंपनीविरुद्ध संपावर जातात.

संपावर जाणारे पोलीस हे मराठी वाचकाला कल्पित वाटू नये. ‘ब्लेड रनर’ निघाला त्याच १९८२ सालच्या ऑगस्टमध्ये, गिरणी कामगारांचा संप चालू असताना, मुंबईत शासनाने पोलीस शिपायांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली, तिच्या नेत्यांना अटक केली, शिपाई रस्त्यावर आले आणि शासनाला लष्कर पाचारण करावे लागले. गणवेशातला माणूसही वेतनावर जगतो, चाळीत राहतो आणि त्यालाही संघटना हवी असते, हे त्या दिवसांत दिसले. डेकार्डही मूळचा नोकरी सोडलेला माणूस आहे आणि धाकदपटशा करूनच त्याला पुन्हा कामावर घेतले जाते. त्या धाग्याने शिकारी आणि शिकार यांचे नाते उलगडता आले असते. चित्रपट तो धागा पहिल्या काही मिनिटांत सोडून देतो.

खरे २०१९

राहता राहिला तो रिकामा रकाना. खऱ्या लॉस एंजेलिसमध्ये २०१९ साली काय घडले? १४ जानेवारीपासून तिथल्या सरकारी शाळांतील तीस हजारांवर शिक्षकांनी सहा शालेय दिवस संप केला. वर्गातील मुलांची संख्या कमी करावी, प्रत्येक शाळेत परिचारिका असावी, या त्यांच्या मागण्यांत पगाराइतकाच मुलांचा विचार होता, आणि त्यांतील बराचसा भाग त्यांनी पदरात पाडून घेतला. गुन्हा करू शकतील अशा व्यक्तींना आधीच गुण देऊन त्यांच्यावर पाळत ठेवण्याची ‘लेझर’ नावाची पोलिसी योजना, नागरिकांच्या विरोधानंतर आणि चौकशीत तिचे दोष उघड झाल्यावर, त्याच वर्षी बंद करावी लागली.

आणि सप्टेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्निया राज्यात एक कायदा संमत झाला. भ्रमणध्वनीवरून बोलावल्या जाणाऱ्या गाड्यांचे चालक हे स्वतंत्र कंत्राटदार की कंपनीचे कामगार, हा त्यातला कळीचा प्रश्न. कायद्याने त्यांना कामगार मानण्याकडे कौल दिला. उबर, लिफ्ट, डोअरडॅश आदी कंपन्यांनी त्याविरुद्ध वीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली, नोव्हेंबर २०२० मध्ये सार्वमत घडवून आणले आणि ते जिंकले. २०२४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. चालक काम करतो, गाडी हाकतो, जखमी होतो. पण तो कामगार नाही! चित्रपटातला प्रतिमानव बोलतो, रडतो, प्रेम करतो. पण तो माणूस नाही! दोन्ही ठिकाणी शब्दाची व्याख्या बदलून दायित्व टाळले गेले. फरक एवढाच की खऱ्या शहरात ही लढाई कायदेमंडळात, मतपेटीत आणि रस्त्यावर लढली गेली, आणि पराभव झाला तरी ती संपलेली नाही. चित्रपटातल्या शहरात ती लढण्याची जागाच ठेवलेली नव्हती.

चळवळीतील काही जुने कार्यकर्ते म्हणतील की अशा करमणुकीवर शाई खर्च करण्याचे कारण नाही. ही उपेक्षा महागात पडते. भविष्याविषयीची सामान्य माणसाची कल्पना आज पक्षांच्या जाहीरनाम्यातून घडत नाही. ती पडद्यावरून घडते. बेलामींचे पुस्तक निघाल्यावर त्यांच्या विचारांची मंडळे अमेरिकेत गावोगाव स्थापन झाली होती, कारण कामगाराला आपल्या नातवंडांचे जग त्या पानांतून डोळ्यांपुढे दिसले. ते स्थान समाजवाद्यांनी मोकळे सोडले आणि तिथे बंदूकधारी पोलीस येऊन बसला. तेव्हा युवक शिबिरांतून, अभ्यासवर्गांतून हे चित्रपट अवश्य दाखवावेत, आणि दिवे लागल्यावर पडद्यावर ज्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले नाही त्याची बाजू मांडावयास तरुणांना सांगावे. झोरा, प्रिस आणि बॅटी यांची मागणी काय होती? ती कोणापुढे मांडावयाची होती? ती मान्य करण्यास कोणाचा किती खर्च आला असता?

निवृत्ती म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी मिळणारे मोकळे आयुष्य, की चौथ्या वर्षी पाठीत बसणारी गोळी, हे यंत्रांच्या प्रगतीवरून ठरत नाही. यंत्रे दोन्ही जगांत सारखीच प्रगत आहेत. ती कोणाच्या मालकीची आहेत आणि त्यांच्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला संघटित होता येते की नाही, यावर ते ठरते. या प्रश्नाचे उत्तर कोणा देखण्या पोलिसाच्या प्रेमात पडून मिळणार नाही.